इंजिन खोलून पोत्यात भरून आणू नका

(जुन्या डॉज, प्लिमथ आणि शेवरोले गाड्यांच्या मालकांसाठी)

कोल्हापूरच्या आमच्या वर्कशॉपात आम्ही या गाड्यांची इंजिनं आणि गिअरबॉक्स बांधतो, म्हणजे खोलून, दुरुस्त करून पुन्हा जोडतो. फोनवर पहिला प्रश्न ठरलेला असतो, "इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही बांधायचे किती घेता?" लगेच दुसरा, "खर्च वाचेल म्हणून इथल्याच मेकॅनिककडून खोलून पाठवलं तर?" पहिल्याचं उत्तर माप घेतल्याशिवाय देता येत नाही. दुसऱ्याचं देता येतं : पाठवू नका.

मागच्या पावसाळ्यात आमच्याकडे एक डॉज किंग्जवे आली. गाडी पुण्यातच होती, आलं फक्त इंजिन, तेही टेम्पोतून तीन पोती आणि एक बिस्किटांचा खोका अशा थाटात. ब्लॉक, म्हणजे सिलिंडरांचा मुख्य ओतीव ठोकळा, छान होता. सिलिंडरांचा सव्वातीन इंची बोअर (भोकाचा व्यास) तीस थाऊ (इंचाचे तीस हजारांश) वाढवला की काम झालं असतं. पण क्रँक (इंजिनाचा फिरणारा मुख्य दांडा) धरणाऱ्या मेन बेअरिंगच्या चार आणि पिस्टन क्रँकला जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडच्या सहा कॅप एकाच पोत्यात, नटबोल्टांसकट, कोल्हापूरपर्यंत एकमेकींवर आदळत आलेल्या.

कारखान्यात या कॅप ब्लॉकला आवळून, मगच सगळ्या जागा एका रेषेत बोअर केलेल्या असतात. म्हणून दुसऱ्या नंबरची कॅप तिसऱ्यावर बसते, दिसायलाही बरोबर दिसते, पण बोल्ट आवळले की क्रँक जाम. रॉडचंही तेच. आमच्या मिस्त्रींनी बोअर गेज घेऊन एकेक जोडी जुळवली. नऊ दिवस गेले. दोन जोड्या जुळल्याच नाहीत, त्या रॉडांची मोठी भोकं पुन्हा गोल करून घ्यावी लागली. त्या नऊ दिवसांची मजुरी बिलात पाहून मालक रागावले. आम्हालाही ती लावताना बरं वाटलं नाही, पण मिस्त्रींचा पगार काही पोत्यात येत नाही.

शेवरोले असेल तर आणखी सांभाळा. १९५३ च्या आधीच्या सहा सिलिंडरच्या इंजिनात रॉडला बेअरिंगचे सुटे शेल नसतात, बॅबिट (बेअरिंगचा मऊ मिश्रधातू) थेट रॉडमध्येच ओतलेलं असतं. फट जुळवायला कॅपखाली कागदासारख्या पातळ शिम असतात, आणि कुठल्या बाजूला किती, हे प्रत्येक रॉडचं वेगळं. खोलताना त्या कचरा समजून झाडल्या गेल्या की जुळवणी पहिल्यापासून, नाहीतर सरळ नवं बॅबिट. ते नीट ओतणारे हात आता मोजकेच उरलेत. आमच्याकडे आहेत, पण त्यांच्याकडेही रांग असते.

"गिअरबॉक्स चांगलाय, तो गाडीतच राहू दे," असंही बरेचजण म्हणतात. असेलही चांगला. पण बेल हाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्समधलं क्लचचं आवरण) त्या ब्लॉकला डॉवेल पिनांवर (जागा पक्की करणाऱ्या खुंट्यांवर) बसवलेलं असतं, आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट क्रँकच्या बरोबर मध्यावर यावा लागतो. भंगारातून आणलेलं दुसरं हाउसिंग लावलं आणि मध्य थोडासा जरी सरकला, तरी गिअर निसटतो, क्लच पूर्ण सुटत नाही, आणि फोन आम्हाला येतो. म्हणून इंजिन, फ्लायव्हील, क्लच, हाउसिंग आणि गिअरबॉक्स एकत्रच हवेत. गिअरबॉक्स घरी उघडू नका. काउंटर शाफ्टचे बारीक रोलर साबुदाण्यासारखे घरंगळतात, आणि त्यातला एक हरवला तरी तो शाफ्ट बांधता येत नाही. शेवरोलेचा प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंतचा दांडा) १९५४ पर्यंत बंद नळीत आहे. त्याचा जोड सोडवल्याशिवाय गिअरबॉक्स निघत नाही, उगाच पहारी घालू नका. (डॉज-प्लिमथच्या डाव्या चाकांचे बोल्ट उलट्या आट्यांचे असतात. तोडलेले बोल्ट आम्ही दर महिन्याला बघतो.)

आमच्या बिलातल्या एका ओळीवर नेहमी वाद होतो : "पाण्याची नळी". डॉज, प्लिमथ, डिसोटोच्या फ्लॅटहेड इंजिनात (व्हॉल्व्ह हेडऐवजी ब्लॉकमध्येच असलेल्या) वॉटर पंपामागे, ब्लॉकच्या पोटात एक लांब पत्र्याची नळी असते. तीच मागच्या सिलिंडरांपर्यंत थंड पाणी पोचवते. ती कुजली की पाणी पुढेच सुटतं, पाचव्या-सहाव्याचे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतात, आणि मालक तिसऱ्यांदा रेडिएटर साफ करून घेतात. आम्ही ती न विचारता बदलतो, स्टेनलेसची घालतो. बांधलेलं इंजिन वर्षभरात तापून परत येण्यापेक्षा हा वाद परवडला.

"एवढं करण्यापेक्षा डिझेल इंजिन बसवू का?" तुमची मर्जी, पण ते काम आम्ही घेत नाही. या गाड्या इथल्याच आहेत. जनरल मोटर्सने १९२८ पासून शिवडीत शेवरोले जोडल्या, प्रीमियरने १९४७ पासून कुर्ल्यात डॉज, प्लिमथ आणि डिसोटो. फ्लॅटहेड इंजिन ट्रकांनाही होतं, त्यामुळे व्हॉल्व्ह, टॅपेट, गॅस्केट शोधली तर मिळतात, आणि आमच्या फळीवर बरीच आहेत. शिवाय २०२१ च्या केंद्राच्या नियमात ५० वर्षांहून जुन्या गाडीला 'व्हीए' (विंटेज गाड्यांच्या) मालिकेचा नंबर मिळतो तो गाडी मूळ स्वरूपात असेल तरच. इंजिन बदललेली गाडी तिथे अडते. आरसीवरचा इंजिन नंबर आणि ब्लॉकवरचा नंबर आजच ताडून बघा.

इंजिन आमच्यासमोर खुलतं, मापं लिहिली जातात, त्याची नक्कल आणि लेखी अंदाज तुम्हाला मिळतो. खोलण्याची फी काम दिलंत तर बिलात वळती होते. जुळलं नाही तर सगळं नंबर मारून, डब्यात लावून परत.

काम झाल्यावर पहिले ५०० मैल गाडी दामटू नका, आणि इंजिन गरम झाल्यावर हेड पुन्हा आवळायला एकदा या. गिअरबॉक्समध्ये जीएल-५ दर्जाचं गिअर ऑइल घालू नका, जुन्या पितळी सिंक्रो रिंगांना (गिअर न खरडता जुळवणाऱ्या कड्यांना) ते मानवत नाही. हल्लीच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलने फ्युएल पंपाचा जुना रबरी पडदा सैल पडतो, तो आम्ही नवा घालूनच देतो.

गाडी मुंबई, पुणे किंवा गोव्यात असली तर आमचा माणूस नंबराचे पंच आणि लाकडी खोका घेऊन येतो, इंजिन-गिअरबॉक्स एकसंध उतरवून नेतो. पंधरा दिवस आधी कळवा. खोक्याचं डिपॉझिट वेगळं. गेल्या वर्षी चार खोके परत आले नाहीत, आणि एकात, आम्हाला कळलं, कोंबड्या आहेत.