बेटिंग शॉप (ब्रिटन)

घोड्यांच्या शर्यती, ग्रेहाउंड कुत्र्यांच्या शर्यती, फुटबॉल अशा खेळांवर रोखीने पैजा घेणारे ब्रिटनमधील परवानाधारक दुकान. मराठीत ‘बुकी’ म्हटले की मटका आणि पोलिसांची धाड डोळ्यांपुढे येते. तिथे मात्र बुकीचे दुकान भर बाजारपेठेत, न्हाव्याच्या शेजारी असते. हा मान त्याला १ मे १९६१ रोजी मिळाला. त्याआधीची शंभरेक वर्षे तिथलाही बुकी गल्लीबोळातच होता.

अठराव्या शतकात पैज मुख्यतः दोन धनिकांमध्ये लागे. शर्यतीतल्या प्रत्येक घोड्याला वेगळा भाव (तो जिंकल्यास किती पट पैसे मिळणार ते) द्यायचा आणि कोणताही घोडा आला तरी आपले काहीतरी सुटेल असा हिशेब वहीत बसवायचा, ही युक्ती १७९०च्या दशकातली. घोड्यांच्या शर्यतींसाठी प्रसिद्ध असलेल्या न्यूमार्केट गावी धंदा करणारा हॅरी ऑग्डेन हा पहिला बुकमेकर, म्हणजे बुकी, मानला जातो. १८४०च्या दशकापासून लंडनमध्ये तंबाखूच्या दुकानांत, गुत्त्यांत भावांच्या याद्या भिंतीवर झळकू लागल्या. मोठी शर्यत झाली की काही मालक गल्ल्यासह पसार होत. १८५३च्या कायद्याने हे अड्डे बंद पाडले.

या कायद्याची खरी गंमत त्याच्या पळवाटेत आहे. बंदी होती ती जागा थाटून रोख पैसे घेण्यावर. ज्याची पत होती त्याने बुकीकडे खाते उघडून तारेने, पुढे टेलिफोनने पैज लावली तर कायदा आड येत नसे. रोखीशिवाय ज्याला गत्यंतर नव्हते, तो गिरणीकामगार तेवढा गुन्हेगार ठरला. १९०६च्या कायद्याने रस्त्यावरची पैजही गुन्हा झाली, पण धंदा थांबला नाही. कारखान्याच्या फाटकाशी, दारूच्या गुत्त्यात बुकीचा ‘रनर’, म्हणजे पैजा गोळा करणारा माणूस, उभा राही. चिठ्ठीवर खऱ्या नावाऐवजी टोपणनाव असे. या चिठ्ठ्यांच्या पिशवीच्या कुलुपातच घड्याळ बसवलेले असे. ती कधी बंद झाली ते त्यावरून कळे, म्हणजे निकाल ऐकून चिठ्ठी आत सरकवायची सोय नाही. पोलिसांशीही संधान असे: अटकेचा आकडा भरायला बुकी अधूनमधून एखादा भाडोत्री माणूस पुढे करी आणि त्याचा दंड स्वतः भरी. अर्थमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी १९२६मध्ये पैजांवर कर बसवला; रस्त्यावरचा व्यवहार त्याच्या जाळ्याबाहेरच राहिला आणि काही वर्षांतच तो कर गुंडाळावा लागला.

अखेर पैजा-जुगाराचा विचार करणाऱ्या शाही आयोगाच्या १९५१च्या अहवालानंतर, गृहमंत्री रॅब बटलर यांच्या काळात, १९६०चा कायदा आला. परवानगी मिळाली, पण कुरकुरत. आत काय चालते ते रस्त्यावरून दिसता कामा नये. दूरदर्शन संच नको, चहा नको. गिऱ्हाइकाने पैज लावावी आणि चालते व्हावे, एवढाच हेतू. तरी हजारो दुकाने भराभर उघडली. विल्यम हिल हा बडा बुकमेकर आधी या दुकानांच्या विरोधात होता. १९६६मध्ये तोही उतरला. दूरदर्शन संच आणि गरम पेये यायला १९८६ उजाडले.

पुढे दुकानांचा आधार घोड्यांवरून, पडद्यावर रुलेटसारखा जुगार खेळवणाऱ्या यंत्रांवर सरकला. २००५च्या कायद्यानुसार एका दुकानात अशी चार यंत्रे ठेवता येत आणि त्यांवर एका डावाला १०० पौंडांपर्यंत लावता येत. एप्रिल २०१९मध्ये ही मर्यादा २ पौंडांवर आणली गेली. त्याच वर्षी विल्यम हिल कंपनीने सुमारे ७०० दुकाने बंद करण्याचा बेत जाहीर केला. गिऱ्हाईक तोवर मोबाइलवर खेळू लागले होते.