कुलूप नसलेल्या केबलचा काळ: बाहेरच्या टीव्ही ट्यूनरची पार्श्वभूमी

२००० नंतरच्या दहा-बारा वर्षांत मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत संगणकाचं सामान घ्यायला गेलेल्या माणसाला एक चपटा डबा हमखास दिसायचा. मागे केबलची पिन खुपसायला एक तोंड, मॉनिटरच्या व्हीजीए वायरींसाठी दोन जागा, पिवळी-लाल-पांढरी एव्हीची (चित्र-आवाजाची) भोकं, सोबत एक रिमोट आणि मोबाइलच्या चार्जरएवढा अडॅप्टर. गाडमेई, फ्रंटेक, इंटेक्स, टेक-कॉम अशी नावं खोक्यावर असत. आतला माल बहुतेक चिनीच. दीड-दोन हजारांत घरच्या मॉनिटरचा टीव्ही करून देणारा हा बाहेरचा टीव्ही ट्यूनर. आज तो माळ्यावर नाहीतर भंगारात सापडतो. ‘तंत्रज्ञान पुढे गेलं’ हे त्याचं नेहमी सांगितलं जाणारं कारण मला अर्धंच पटतं. त्या डब्याचं सगळं आयुष्य एकाच गोष्टीवर चाललं होतं: घरात येणाऱ्या केबलला कुलूप नव्हतं, म्हणजे तिच्यातल्या वाहिन्या सांकेतिक नव्हत्या, कोणताही ट्यूनर त्या पकडू शके.

सुरुवात मात्र बरोबर उलटी झाली होती. १९८०च्या दशकात घरगुती संगणकाला स्वतःचा पडदा बहुधा नसे. झेडएक्स स्पेक्ट्रम, कमोडोर ६४ ही यंत्रं टीव्हीच्या ॲन्टेनाच्या भोकात वायर घालून चालवायची. संगणकातला मॉड्युलेटर आपलं चित्र एखाद्या टीव्ही चॅनलच्या लहरीवर चढवी आणि टीव्हीला ते दुसऱ्या कुठल्या स्टेशनसारखंच दिसे. पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने त्या दशकाच्या उत्तरार्धात ‘डीबी स्पेक्ट्रम’ नावाने हाच संगणक आपल्याकडे विकला. म्हणजे पुण्यातल्या काही घरांत बातम्यांचा टीव्ही आणि बेसिक ही संगणकभाषा शिकण्याचा पडदा एकच होता, आणि कोणी काय बघायचं यावरून होणारी भांडणंही तेव्हापासूनची!

पुढे संगणकासाठी वेगळे रंगीत मॉनिटर आले. फिलिप्सचा सीएम८८३३, कमोडोरचा १०८४ हे मॉनिटर म्हणजे जवळजवळ टीव्हीच, फक्त ट्यूनर काढून टाकलेला. मग फिलिप्सनेच एव्ही७३०० नावाचा स्वतंत्र ट्यूनर काढला: ॲन्टेना त्याला जोडायचा, त्याची वायर मॉनिटरला, झाला टीव्ही. बाहेरच्या ट्यूनरचा हा जुना अवतार. काम सोपं होतं, कारण त्या मॉनिटरांची आडव्या ओळी काढण्याची गती टीव्हीइतकीच होती, सेकंदाला सुमारे १५,६२५ ओळी. ट्यूनरने स्टेशन पकडायचं, चित्र-आवाज वेगळे करायचे आणि पुढे सोडायचे, एवढंच.

हे गणित आयबीएमच्या व्हीजीए या नव्या चित्रपद्धतीने १९८७ साली मोडलं. व्हीजीए मॉनिटर सेकंदाला साडेएकतीस हजार ओळी काढतो, टीव्हीच्या दुप्पट. शिवाय पाल या आपल्याकडच्या टीव्ही-पद्धतीचं चित्र एकाआड एक ओळींनी येतं: आधी विषम, मग सम, दोन्ही मिळून ६२५, आणि अशी पूर्ण चित्रं सेकंदाला २५. असं चित्र व्हीजीए मॉनिटरला तसंच दिलं तर त्याला काहीच कळत नाही. म्हणून नंतरच्या डब्यांना ट्यूनरशिवाय आणखी एक काम करावं लागलं: येणारं चित्र आकड्यांत उतरवून स्मृतीत ठेवायचं, ओळी सांधायच्या आणि दुप्पट गतीने बाहेर काढायच्या. हे काम करणारी चिप स्वस्त होईपर्यंत असा डबा मध्यमवर्गाच्या आवाक्यात येणं शक्य नव्हतं.

दरम्यान ट्यूनर संगणकाच्या आत बसवण्याचे प्रयोग झाले. ॲपलने १९९३ साली मॅकिंटॉश टीव्ही काढला. काळाभोर, १४ इंची, आणि एका मोठ्या उणिवेचा: पडद्यावर टीव्ही दिसेल किंवा संगणक, पण काम करता करता एका चौकटीत टीव्ही चालू ठेवता येत नसे. जेमतेम दहा हजार नग बनले आणि तो बंद पडला. खरी गाडी रुळावर आली ती ब्रुकट्रीच्या बीटी८४८ आणि बीटी८७८ या चिप्समुळे. हॉपॉज, पिनॅकल, पिक्सेलव्ह्यू अशा कितीतरी नावांची आत बसवायची कार्डं याच चिप्सवर उभी होती. लिनक्समध्येही त्यांचे ड्रायव्हर (कार्ड चालवणारी सॉफ्टवेअरं) पक्के बसले, म्हणून कॉलेजच्या वसतिगृहांत ती लाडकी. सॉफ्टवेअरमध्ये एक बटण दाबलं की कार्यक्रम थेट हार्ड डिस्कवर रेकॉर्ड होई. व्हीसीआरची कॅसेट पुढे-मागे करायची कटकट संपली.

पण हे सगळं पुरवठ्याचं वर्णन झालं. पाहायला काही नसेल तर ट्यूनर घेणार कोण? मुंबईत दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं, पुढच्या वर्षी सिंहगडावरून पुण्याला ते दिसू लागलं, १९८२च्या आशियाई खेळांच्या सुमारास रंग आले. एक-दोन वाहिन्यांसाठी घरात दुसरा पडदा कोणी मागत नव्हतं. मुंबईतल्या इमारतींत ऐंशीच्या दशकात एखादा हुशार गडी खालच्या खोलीत व्हीसीआर लावून वरच्या सगळ्या घरांना वायर टाकून सिनेमे दाखवू लागला होता. १९९१च्या आखाती युद्धात सीएनएन दिसलं, त्याच वर्षी स्टार टीव्ही आला, २ ऑक्टोबर १९९२ला झी सुरू झालं, आणि त्या इमारतींतल्या वायरी गच्चीवरच्या मोठ्या छत्र्यांना जोडल्या गेल्या. केबलचा कायदा आला तो नंतर, १९९५ साली. तोपर्यंत झाडांवरून, विजेच्या खांबांवरून काळ्या वायरींचं जाळं पसरून झालं होतं.

या जाळ्याचा स्वभाव समजून घेतला पाहिजे. केबलवाला उपग्रहावरून वाहिन्या उतरवे, प्रत्येकीला एका मॉड्युलेटरवर चढवे आणि सगळ्या एकाच वायरीत ढकले. टीव्हीच्या नेहमीच्या व्हीएचएफ लहरींच्या पट्ट्यात जागा पुरेना, तेव्हा मधल्या एस-बँड नावाच्या पट्ट्यात त्या भरल्या गेल्या. घरात येणारी वायर म्हणजे साठ-सत्तर वाहिन्यांचा उघडा नळ. पैसे घराचे द्यायचे. नळाला किती तोट्या लावल्या हे विचारणारं कोणी नाही. वीस-तीस रुपयांचा स्प्लिटर आणला की बैठकीच्या खोलीतली वायर आतल्या खोलीत. चित्र जरा फिकं पडे, मुंग्या येत, मग केबलवाल्याच्या पोराकडून बूस्टर लावून घ्यायचा. दुसरा टीव्ही घ्यायला सहा-आठ हजार लागत. मॉनिटर मात्र घरात होताच. बाहेरचा ट्यूनर नेमका याच फटीत बसला.

आतलं कार्ड स्वस्त असूनही अनेकांनी बाहेरचा डबा का घेतला, याला व्यवहारी कारणं होती. एक म्हणजे संगणक चालू न करता टीव्ही दिसे. डबा मॉनिटर आणि संगणकाच्या मधे बसे. संगणक बंद असला की सरळ टीव्ही, चालू असला की रिमोटवरच्या बटणाने इकडून तिकडे, किंवा कोपऱ्यात छोट्या चौकटीत मॅच. दुसरं म्हणजे ड्रायव्हर, विंडोजची आवृत्ती, सीडी हरवली ही भानगडच नाही. आणि तिसरं पावसाळ्यातलं. वीज कडाडली की केबलच्या लांबलचक वायरीतून झटका आत येई. आतलं कार्ड जळताना मदरबोर्डलाही घेऊन जाण्याची भीती, बाहेरचा डबा बहुधा एकटाच जाई. दुरुस्तीवाले हा सल्ला आवर्जून देत, आणि त्यांना त्यात काही मिळत नव्हतं, उलट जळलेला मदरबोर्डच त्यांच्या फायद्याचा!

डबा घरी आणून जोडला की पहिली पंचाईत आवाजाची. ऑटो सर्च लावावा, चित्रं एकामागून एक स्वच्छ सापडावीत, आणि स्पीकरमधून नुसतं खरखर. डब्यात बिघाड आहे म्हणून लोक दुकानात परत घेऊन जात. कारण साधं होतं. भारतात पाल-बी/जी पद्धतीत आवाजाची लहर चित्राच्या लहरीपासून ५.५ मेगाहर्ट्‌झवर असते. चीनमध्ये पाल-डी/के, तिथे हेच अंतर ६.५. कारखान्यातून डबा तिथल्या सवयीने आलेला असे. मेनूत शिरून ‘साउंड सिस्टिम’ बदलली की बातम्या बोलू लागत. दुकानदार हे दहा सेकंदांत करून देई आणि गिऱ्हाइकाला तो जादूगार वाटे.

दुसरी तक्रार पडद्यावरच्या मुंग्यांची नव्हे, हाताला मुंग्या येण्याची: केबलची पिन आणि संगणकाच्या कॅबिनेटचा पत्रा एकाच वेळी हाताला लागला की बोटांत झिणझिण्या. जुन्या वाड्यांत, चाळींत अर्थिंग नावाला असे. संगणकाच्या पॉवर सप्लायमधले गाळणीचे कपॅसिटर अर्थिंग नसलेल्या पत्र्यावर वीजदाबाचा जवळजवळ निम्मा हिस्सा आणून ठेवतात. प्रवाह अगदी थोडा, म्हणून जीवाला सहसा धोका नाही, पण झटका जाणवतो. केबलच्या बाहेरच्या जाळीची वीजदाबाची पातळी वेगळी. हे दोन एकमेकांना भेटले की चित्रावर आडवे पट्टे हळूहळू वर सरकत आणि स्पीकरमध्ये घुंईऽऽ असा आवाज. डब्याला शिव्या घालण्यापेक्षा वायरमनला बोलावणं हा त्यावरचा उपाय, पण तो कोणी करत नसे.

यूएसबीचा ट्यूनर हा बाहेरच्या ट्यूनरचा दुसरा प्रकार. तो उशिरा जमला, कारण वायरच पुरी पडत नव्हती. ७२० बाय ५७६ टिंबांचं पाल चित्र न दाबता पाठवायचं तर सेकंदाला सुमारे वीस मेगाबाइट लागतात. यूएसबी १.१ची मजल दीड मेगाबाइटपर्यंत. त्यामुळे सुरुवातीचे यूएसबी ट्यूनर चित्र लहान करून, पिळून पाठवत. एप्रिल २०००मध्ये यूएसबी २.० आलं आणि ही अडचण सुटली. काही कंपन्यांनी ट्यूनरमध्येच एमपीईजी-२ची चिप घालून दाबलेलं चित्र पाठवायची युक्ती केली. लॅपटॉप वाढले तसे हे अंगठ्याएवढे ट्यूनरही वाढले. पण त्यांना संगणक चालूच लागतो, त्यामुळे घरच्या टीव्हीची जागा ते घेऊ शकले नाहीत.

मग कुलूप लागलं. पैसे देऊन पाहायच्या वाहिन्यांसाठी सेट-टॉप बॉक्स सक्तीचा करण्याचा पहिला प्रयत्न, ‘कॅस’, २००३पासून रडतखडत चालला आणि मुंबईच्या काही भागांत २००७च्या सुरुवातीला लागू झाला. शेजारच्या गल्लीत उघडी केबल आणि इथे सेट-टॉप बॉक्स, असा विचित्र प्रकार काही वर्षं होता. खरा घाव २०११च्या कायदादुरुस्तीने बसला. सगळीच केबल डिजिटल आणि सांकेतिक करायची असं ठरलं. मुंबईत ३१ ऑक्टोबर २०१२ ही तारीख पडली. पुणे, नागपूर, नाशिक, सोलापूर यांना ३१ मार्च २०१३. उरलेल्या शहरांना आणि खेड्यांना त्यानंतर, २०१७पर्यंत. आपल्या भागात केबल बंद झाली त्या दिवशी ज्यांनी ट्यूनरचा रिमोट दाबला त्यांना एकापाठोपाठ एक रिकामी वाहिनी दिसली.

सरकारची बाजूही होती. केबलवाले घरांची संख्या कमी दाखवत, कर आणि वाहिन्यांचा वाटा बुडे, हे उघड गुपित होतं. पण तोट्या मोजल्या जाऊ लागल्या त्या क्षणी आतल्या खोलीतला मॉनिटर हा वेगळा ग्राहक ठरला, वेगळा सेट-टॉप बॉक्स, वेगळं भाडं. ट्यूनरमधला ट्यूनर निरुपयोगी झाला. डबा मात्र लगेच गेला नाही: सेट-टॉप बॉक्सची पिवळी-लाल-पांढरी वायर त्याच्या एव्ही भोकांत घालून कित्येकांनी तो पुढेही वापरला. ज्या भागासाठी तो घेतला तो झोपलेला आणि ओळी दुप्पट करणारा अर्धा भाग राबतोय, अशी ही उत्तरकथा. एचडीएमआय असलेले मॉनिटर स्वस्त झाल्यावर तीही संपली.

डिजिटल होणं आणि कुलूप लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे अमेरिकेकडे पाहिलं की स्पष्ट होतं. तिथल्या मोठ्या केंद्रांनी १२ जून २००९ला जुनं ॲनालॉग प्रक्षेपण बंद केलं, पण हवेतून येणारं डिजिटल प्रक्षेपण उघडं ठेवलं. परिणामी एचडीहोमरनसारखे, थेट घरच्या नेटवर्कला जोडायचे बाहेरचे ट्यूनर तिथे अजून विकले जातात. आता नव्या एटीएससी ३.० पद्धतीत काही केंद्रं प्रक्षेपण सांकेतिक करू लागली, आणि तिथल्या ट्यूनरवाल्यांची आरडाओरड सुरू झाली. आपल्याकडे दूरदर्शनने २०१६ साली मुंबई, औरंगाबादसह १६ शहरांत हवेतून येणारं डिजिटल (डीव्हीबी-टी२) प्रक्षेपण सुरू केलं, संगणकाला आणि फोनला लावायचे डोंगलही बाजारात आले. पण दूरदर्शनच्या मोजक्या वाहिन्यांसाठी ते कोण घेणार? जुने ॲनालॉग प्रक्षेपक मार्च २०२२पर्यंत, सुमारे पन्नास सोडून, बंद करायचं प्रसार भारतीने ठरवलं.

ट्यूनरला नवं काम मिळालं ते भलत्याच ठिकाणी. रिअलटेकची आरटीएल२८३२यू चिप असलेले युरोपी डीव्हीबी-टी डोंगल स्वस्तात मिळत. २०१२ साली हौशी मंडळींच्या लक्षात आलं की ही चिप टीव्ही उलगडण्याआधीचे लहरींचे कच्चे नमुने तसेच्या तसे संगणकाला देऊ शकते. म्हणजे टीव्ही बाजूला ठेवा, सेकंदाला वीस-पंचवीस लाख नमुने घ्या आणि पुढचा रेडिओ सॉफ्टवेअरमध्ये बनवा. आर८२०टी ट्यूनर असलेला डोंगल साधारण २४ ते १,७६६ मेगाहर्ट्‌झपर्यंत ऐकतो. त्यात एफएम येतो, १,०९० मेगाहर्ट्‌झवर विमानं आपली जागा ओरडून सांगतात ती ऐकू येते, अमेरिकेच्या नोआ संस्थेच्या हवामान उपग्रहांची १३७ मेगाहर्ट्‌झवरची ढगांची चित्रंही याच डोंगलवर हजारो लोकांनी उतरवली. फक्त ऐकण्याच्या बाबतीतही आपल्याकडे काय चालतं आणि काय नाही याचे नियम आहेत, ते पाहूनच या नादाला लागावं.

आणि निव्वळ टीव्हीच हवा असेल तर उघडं प्रक्षेपण आजही आहे: डीडी फ्री डिश. ९३.५ अंश पूर्वेच्या उपग्रहाकडे छोटी छत्री वळवायची, संगणकाला उपग्रहाचं प्रक्षेपण पकडणारं (डीव्हीबी-एस/एस२) कार्ड किंवा यूएसबी डबा जोडायचा, व्हीएलसीसारखा प्लेअर उघडायचा. महिन्याचं भाडं नाही, कार्ड नाही, आणि सह्याद्री लागतं.