शौचाची डबी आम्ही परत का करतो?

सकाळी आमच्या लॅबच्या काउंटरवर हमखास वाद होतो तो शौचाच्या डबीवरून. "रात्रीच घेऊन फ्रिजमध्ये ठेवलं होतं हो," म्हणत डबी पुढे येते, आम्ही ती परत करतो, आणि माणूस चिडतो. चिडणं साहजिक आहे, पण आमचीही बाजू ऐका.

जुलाब, आव पडत असेल तर डॉक्टर बहुधा अमिबा बघायला सांगतात. ताज्या नमुन्याचा थेंब सलाईनमध्ये घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला की जिवंत अमिबा पाय पुढे टाकत सरकताना दिसतो, कधी त्याच्या पोटात गिळलेल्या तांबड्या पेशीही. पातळ शौचात हे दृश्य साधारण अर्धा तास टिकतं. मग तो मरतो, विरघळतो आणि रिपोर्ट "काही नाही" असा येतो. असा रिपोर्ट देऊन पैसे घेणं आम्हाला पटत नाही. घट्ट शौचाला थोडा उशीर चालतो, पातळ असेल तर मात्र घरून निघायच्या आधीच घ्या.

लघवी मिसळू देऊ नका, तिनेही अमिबा मरतो. कमोडच्या पाण्यातलं उचलू नका, आधी स्वच्छ भांड्यात किंवा प्लास्टिकवर घ्या. आव किंवा रक्त दिसत असेल तर नेमका तोच भाग चमच्याने उचला. सुपारीएवढं पुरतं. श्रीखंडाचा डबा भरून आणणारेही भेटले आहेत!

सध्या चालू असलेली औषधं आधी सांगा. लोहाच्या गोळ्यांनी शौच काळं होतं, बीटाने तांबडं. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनने पोट ढिलं होतं. लोह, कॅल्शियम आणि कोडीनच्या खोकल्याच्या औषधाने खडा होतो. अँटिबायोटिक सुरू केल्यावर जंतूंची तपासणी फसते, त्यामुळे शक्यतो पहिल्या गोळीआधी नमुना द्या. डॉक्टरांनी लिहिलेलं औषध मात्र आमच्यासाठी थांबवू नका. गुप्त रक्ताच्या (शौचातल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या) जुन्या पद्धतीच्या तपासणीआधी तीन दिवस मटण बंद ठेवावं लागतं, नव्या पद्धतीत ते पथ्य नाही. आम्ही नवीच करतो. पाळी चालू असताना किंवा मूळव्याधीचं रक्त पडत असताना ही तपासणी टाळा.

शौचाला दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, एवढी तफावत नॉर्मलच धरतात. बघायचा तो तुमच्या नेहमीच्या सवयीतला बदल. नुसतं पोट साफ होत नसेल तर थायरॉइड आणि साखरही बघून घ्यावी. एकाच वेळच्या रक्तात दोन्ही होतात. पण पन्नाशीनंतर सवय अचानक बदलली आणि आठवडे उलटूनही तशीच राहिली, वजन उतरलं, हिमोग्लोबिन घसरलं किंवा रात्री शौचासाठी झोपेतून उठावं लागतं, तर आमच्या चांगल्या रिपोर्टवर विसंबू नका. तिथे डॉक्टर दुर्बिणीची तपासणी सांगतील, ती करा. डांबरासारखं काळं, चिकट, उग्र वासाचं शौच झालं तर आमच्याकडे न येता थेट दवाखान्यात जा.

जंतांची अंडी आणि जंतू रोज पडत नाहीत, म्हणून कधी एकाआड एक दिवस तीन नमुने मागवतो. लोकांना ते बिल वाढवणं वाटतं. तिन्ही एकदम ठरवलेत तर सवलत देतो.

चमचा असलेली डबी काउंटरवर फुकट मिळते, आदल्या दिवशीच नेऊन ठेवा. सकाळी सातला शटर उघडतं. शौचाच्या डबीला रांग नाही: नाव आणि घेतल्याची वेळ लिहून सरळ आत द्या.