मृत्युदराचा आकडा सारखा का बदलतो?

‘शास्त्रज्ञ आज एक सांगतात, उद्या दुसरंच’ ही तक्रार कोविडच्या काळात घरोघरी ऐकू आली. मार्च २०२०मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने नोंदवलेल्या रुग्णांपैकी सुमारे ३.४ टक्के दगावल्याचं सांगितलं. पुढे संसर्ग झालेल्या सगळ्यांचा हिशेब लागला, तेव्हा मृत्यूचं प्रमाण बरंच खाली आलं. मग आधीचा आकडा खोटा होता का? नाही. त्याचा भाजक वेगळा होता.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. रुग्णसंख्या दर ५ दिवसांनी दुप्पट होते आणि निदानानंतर मृत्यू साधारण १५ दिवसांनी होतो, असं धरा. आज एकूण रुग्ण ८,००० आणि मृत्यू २०. सरळ भागाकार केला तर ०.२५ टक्के. पण हे २० जण १५ दिवसांपूर्वीच्या रुग्णांमधले. तेव्हापासून संख्या तीनदा दुप्पट झाली, म्हणजे त्या वेळी रुग्ण होते १,०००. खरं प्रमाण २ टक्के, आठपट! आता उलट चूक पाहा. तेव्हा पाचांतल्या एकाचीच तपासणी झाली असेल, तर बाधित ५,००० होते आणि प्रमाण ०.४ टक्क्यांवर येतं. दोन्ही चुका एकाच वेळी, विरुद्ध दिशांना ओढत असतात. कोणती भारी पडेल, हे सुरुवातीला कळत नाही.

२००३च्या सार्स या श्वसनरोगाच्या साथीत पहिली चूक भारी पडली. सुरुवातीचा अंदाज ४ टक्क्यांच्या आसपास होता. शेवटी ८,०९६ रुग्णांत ७७४ मृत्यू, म्हणजे ९.६ टक्के. विषाणू मधेच जहाल झाला नव्हता, उपचार चालू असलेल्यांचा निकाल तेवढा लागायचा होता. २००९च्या स्वाइन फ्लूमध्ये दुसरी चूक मोठी ठरली, कारण आधी फक्त गंभीर रुग्णच नजरेत आले होते.

भाजक नेमका कळण्यासाठी रक्तातली प्रतिपिंडं (अँटिबॉडी, म्हणजे संसर्ग होऊन गेल्याची खूण) तपासणारं सर्वेक्षण लागतं, त्याला वेळ जातो. तोवर थांबावं, तर आपल्या उदाहरणात १० दिवसांत रुग्ण चौपट होतात. म्हणून निर्णय अपुऱ्या माहितीवरच घ्यावा लागतो आणि तसं उघड सांगावं लागतं. ‘०.४ ते २ टक्के. तपासण्या वाढल्या की बदलेल. पुढचा आढावा अमुक तारखेला’ एवढं वाक्य पुरतं. ग्रहांवरून साथ संपण्याची तारीख सांगणारे कधीच असा पल्ला देत नाहीत, आणि चुकले तरी हिशेब देत नाहीत.

निर्बंध लावताना आणखी एक गोष्ट आधीच सांगायला हवी: मृत्यू पुढचे दोन-तीन आठवडे वाढतच राहतील, कारण ती माणसं निर्बंधांपूर्वीच बाधित झालेली असतात. हे सांगितलं नाही, तर दहाव्या दिवशी लोक ‘उपाय फसला’ म्हणतात आणि नेमक्या त्याच वेळी नियम ढिले पडतात.