ठिणगीचा डबा

सांगलीला मामांकडे अँबेसेडर होती. पावसाळ्यात सकाळी ती सुरू करणं हा सगळ्या घराचा कार्यक्रम असायचा. मामा बॉनेट उघडायचे, डिस्ट्रिब्यूटरची, म्हणजे प्लगांना पाळीपाळीने ठिणगी वाटणाऱ्या भागाची, टोपी काढून कोरड्या फडक्याने आतून पुसायचे, मग पॉइंटच्या फटीत पॉलिश पेपरची पट्टी घालून दोन-चारदा मागेपुढे करायचे. "पॉइंट काळे पडलेत," एवढंच निदान. त्यावर गाडी बहुधा सुरू व्हायची. पॉइंट म्हणजे काय आणि ते काळे का पडतात, हे विचारायची सोय नव्हती. माझं काम फडकं धरायचं.

तेच काळे पॉइंट पुढे कित्येक वर्षांनी इंग्लंडात भेटले, एका मित्राच्या गॅरेजमध्ये, १९७० सालच्या एमजीबीत. ओळख पटली यात नवल नाही. अँबेसेडरचं जुनं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन आणि एमजीबीचं १७९८ सीसीचं इंजिन ही एकाच घराण्यातली, ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या 'बी सीरीज'ची. एक भाऊ आपल्याकडे टॅक्सीला जुंपला गेला, दुसरा दोन सीटच्या उघड्या स्पोर्ट्स कारमध्ये मिरवला. ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यातून १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांवर एमजीबी बाहेर पडल्या. म्हणून आजही तिचे सुटे भाग मिळतात, आणि तिच्यात काहीतरी नवं बसवण्याची हौसही टिकून आहे.

मित्राने आणला होता इग्निशन बॉक्स, म्हणजे ठिणगी पाडणारा डबा. चपट्या विटेएवढा अ‍ॅल्युमिनियमचा डबा, त्यातून लोंबणाऱ्या रंगीत वायरी. "हा लावला की गाडी उडते," असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. गाडी उडत नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण डबा काय करतो ते समजून घेण्यासारखं आहे, आणि तो बसवताना जुन्या गाडीची वायरिंग जी पोल खोलते ते तर त्याहून मजेदार.

मूळ पद्धत अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या चार्ल्स केटरिंग यांची. १९१० च्या कॅडिलॅकमध्ये ती आली आणि पुढची साठ-पासष्ट वर्षं जगातल्या जवळजवळ प्रत्येक पेट्रोल गाडीने ती वापरली. तत्त्व सोपं आहे. कॉइलमध्ये लोखंडी गाभ्याभोवती तांब्याच्या तारेची दोन वेटोळी असतात. एक जाड तारेचं, काहीशे वेढ्यांचं. दुसरं केसासारख्या तारेचं, हजारो वेढ्यांचं. जाड वेटोळ्यातून बॅटरीचा करंट वाहतो आणि गाभ्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. ऊर्जा तिथे साठते. मग हा करंट अचानक तोडायचा. क्षेत्र कोसळतं, जाड वेटोळ्यात अडीच-तीनशे व्होल्टचा झटका उठतो आणि बारीक वेटोळ्यात तोच हजारो व्होल्टचा होऊन प्लगच्या फटीतून उडी मारतो.

करंट तोडायचं काम पॉइंटचं. डिस्ट्रिब्यूटरच्या दांड्यावर चार कंगोऱ्यांचा कॅम असतो. त्यावर घासत एक छोटी भुजा वर-खाली होते आणि तिच्या टोकाचे दोन धातूचे ठिपके जुळतात, सुटतात. सुटले की ठिणगी. सुटताना त्यांच्यातही एक चोरटी ठिणगी पडतेच. ती आवरायला बाजूला कंडेन्सर असतो, पण पूर्ण आवरत नाही. दर मिनिटाला हजारो वेळा चार अँपियर तोडायचे म्हटल्यावर ठिपके जळणारच. मामांचा पॉलिश पेपर त्या जळण्याचा हिशोब चुकता करत होता.

दुसरी अडचण वेळेची. चार सिलिंडरचं इंजिन ६००० आरपीएमने फिरत असेल तर सेकंदाला २०० ठिणग्या लागतात, म्हणजे दोन ठिणग्यांमध्ये ५ मिलिसेकंद. त्यातला दोन-तृतीयांश वेळ पॉइंट मिटलेले असतात. कॉइल भरायला मिळतात जेमतेम ३.३ मिलिसेकंद. पण कॉइलमधला करंट बटण दाबल्यासारखा पूर्ण येत नाही, हळूहळू चढतो. कॉइलचं इंडक्टन्स, म्हणजे करंटला एकदम चढू न देण्याचा गुण, ८ मिलिहेन्री आणि रोध ३.२ ओहम धरला तर एवढ्या वेळात करंट आपल्या कमाल पातळीच्या पाऊण भागापर्यंतच पोचतो. साठणारी ऊर्जा करंटच्या वर्गावर अवलंबून, म्हणून ती उरते निम्म्याच्या थोडी वर. इंजिनाला घाई झाली की ठिणगी अशक्त होते. घागर भरायच्या आतच नळाखालून ओढून घ्यायची, तसा हा प्रकार.

डब्याची युक्ती वेगळी. त्याला कपॅसिटर डिस्चार्ज म्हणतात (कपॅसिटर म्हणजे वीज साठवणारा भाग), आणि हे नाव आपल्याला नवं नाही. स्प्लेंडर बंद पडली की कोपऱ्यावरचा मेकॅनिक "सीडीआय गेला" म्हणतो, तो हाच. कल्पना तर केटरिंगच्याही आधीची. निकोला टेस्ला यांनी १८९८ मध्ये अशा ज्वलन-यंत्रणेचं पेटंट घेतलं होतं. फक्त ती भरवशाने चालवायला लागणारे अर्धवाहक स्विच यायला सहा-सात दशकं जावी लागली. पोर्शेच्या ९११ मध्ये १९६९ च्या मॉडेलपासून बॉशचा असा डबा कारखान्यातूनच येऊ लागला. त्या गाड्यांत किल्ली फिरवली की इंजिन सुरू व्हायच्या आधी एक बारीक किणकिण ऐकू येते. ती डब्याची. पोर्शेवाले त्या आवाजावर खूश असतात.

इथे ऊर्जा कॉइलमध्ये साठवायचीच नाही. डबा बॅटरीच्या १२ व्होल्टचे साडेचारशेच्या वर व्होल्ट करतो आणि ते कपॅसिटरमध्ये भरून ठेवतो. ठिणगीची वेळ झाली की सगळा साठा एका दमात कॉइलच्या जाड वेटोळ्यात ओततो. कॉइल आता कोठार राहिली नाही, नुसता ट्रान्सफॉर्मर झाली. १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ४६० व्होल्टला भरला तर त्यात साधारण १०५ मिलिज्यूल बसतात. तो भरायचं काम डबा भराभर करतो, त्यामुळे ८०० आरपीएमला आणि ६००० आरपीएमला ठिणगी सारखीच.

मग गाडी उडत का नाही? कारण पेट्रोल आणि हवेचं नीट जमलेलं मिश्रण पेटायला आदर्श स्थितीत अर्धा मिलिज्यूलसुद्धा लागत नाही. एकदा ज्योत धरली की पुढची ताकद पेट्रोलची. चूल काडीने पेटवली काय आणि मशालीने काय, भाकरी तीच होणार. जी ठिणगी आधीच धड पडत होती ती दुप्पट केल्याने अश्वशक्ती वाढत नाही. डब्याच्या जाहिरातीत हे वाक्य सहसा नसतं.

फायदा होतो तो काडी विझायची शक्यता असते तिथे. थंडीत चोक ओढून सुरू करताना मिश्रण पेट्रोलने जड झालेलं असतं, प्लगवर काजळी बसलेली असते. काजळी म्हणजे कार्बन, आणि कार्बनमधून वीज झिरपते. जुन्या पद्धतीत प्लगवरचा विजेचा दाब चढायला शंभरेक मायक्रोसेकंद लागतात आणि तेवढ्यात बराच करंट काजळीवाटे निसटतो. कपॅसिटरचा झटका काही मायक्रोसेकंदांत माथ्यावर पोचतो. बादली गळकी असली तरी एका झटक्यात ओतली की पाणी ठिकाणावर पडतंच. मला विचाराल तर या डब्याचा खरा गुण हाच. १०५ मिलिज्यूलचा आकडा नुसता रुबाबाचा.

दोषही आहे. ही ठिणगी फार थोडा वेळ टिकते. केटरिंगची मिलिसेकंदभर रेंगाळते, ही त्याच्या एखाद-दशांशात संपते. मिश्रण नीट ढवळलेलं नसेल आणि नेमक्या त्या क्षणी प्लगपाशी नुसती हवाच असेल, तर ठिणगी वाया. टेक्सासमधल्या एल पासो इथे एमएसडी नावाने बनू लागलेल्या डब्यांनी यावर तोडगा काढला. नावातच 'मल्टिपल स्पार्क' आहे. ३००० आरपीएमच्या खाली तो एकाऐवजी ठिणग्यांची माळ लावतो, क्रँकशाफ्ट २० अंश फिरेपर्यंत. ८०० आरपीएमला ते २० अंश म्हणजे चार मिलिसेकंदांहून थोडं जास्त. वेग वाढला की सवड उरत नाही, ठिणगी एकच पडते.

मित्राचा डबा त्याच जातीचा होता. शनिवारी सकाळी चहा घेऊन बसवायला घेतला. आधी जागा. बी सीरीज इंजिनात कार्बोरेटर आणि एक्झॉस्ट दोन्ही डावीकडे, म्हणून तापापासून लांब, उजव्या बाजूच्या पत्र्यावर, रबरी बुशांवर डबा बसवला. जाड लाल आणि जाड काळी वायर थेट बॅटरीला द्या, असं सोबतच्या कागदावर छापलेलं. एमजीबीत हे म्हणणं सोपं आहे. तिच्या बॅटऱ्या दोन, सहा-सहा व्होल्टच्या, आणि त्या सीटांच्या मागे तळघरात दडवलेल्या. तिथवर वायर ओढण्यापेक्षा स्टार्टरच्या सॉलेनॉइडवर बॅटरीची जाड केबल जिथे येते तिथूनच लाल वायर घेतली. काळीला अर्थिंगसाठी पत्र्यावरचा रंग खरवडावा लागला.

त्याआधी मी दोनदा तपासून घेतलं की बॅटरीचं निगेटिव्ह टोकच अर्थला आहे. १९६७ पर्यंतच्या एमजीबीत उलटं असायचं, पॉझिटिव्ह टोक बॉडीला. तशा गाडीत हा डबा लावला तर ठिणगी पडते, पण एकदाच, आणि ती डब्याच्या आत.

मग बारीक वायरी. पांढरी पॉइंटला, नारिंगी कॉइलच्या पॉझिटिव्हला, काळी निगेटिव्हला. बारीक लाल वायर किल्लीवरून येणाऱ्या जुन्या वायरला, म्हणजे जी आजवर कॉइलच्या पॉझिटिव्हला होती तिला. इथे आम्ही घोळ घालणारच होतो. नारिंगी लावताना कॉइलवरची जुनी वायरही तिथेच राहू द्यायला निघालो. तसं केलं असतं तर साडेचारशे व्होल्टचे झटके किल्लीच्या सर्किटमध्ये, तिथून गेज आणि बाकी सगळीकडे गेले असते. डब्याच्या दोन वायरींखेरीज कॉइलला कशाचाही स्पर्श नको, नियम एवढाच. इंजिन चालू असताना आपल्या बोटांचाही नको.

किल्ली फिरवली. पहिल्याच फिरकीला इंजिन लागलं, नेहमीसारखं दोन-तीनदा खोकून नाही. मित्र खूश. मग त्याने डॅशबोर्डकडे पाहिलं. आरपीएमचा काटा शून्यावर झोपलेला.

जुन्या गाडीचा हा स्वभाव लक्षात ठेवावा. तिच्यात एकेक वायर दोन-तीन नोकऱ्या करते. त्या काळच्या एमजीबीचा टॅकोमीटर कॉइलकडे जाणाऱ्या वायरवर जगतो. ती वायर त्याच्या पाठीवर एका छोट्या गाभ्यातून वेढा घेऊन जाते आणि तिच्यातल्या करंटच्या ठोक्यांवरून तो वेग मोजतो. आता कॉइलचा सगळा करंट जाड लाल वायरीने येऊ लागला. जुन्या वायरीत उरला डब्याला जागं ठेवण्यापुरता थेंबभर करंट, त्यात ठोकेच नाहीत. टॅकोमीटर बिघडला नव्हता, बिचाऱ्याला मोजायला काही उरलं नव्हतं. अशा करंटवर चालणाऱ्या टॅकोमीटरसाठी वेगळा अ‍ॅडॉप्टर मिळतो. तो मागवला आणि काटा आठवडाभर झोपून राहिला.

अशीच आणखी एक गंमत काही गाड्यांत होते. आमच्याकडे झाली नाही. किल्ली काढून खिशात टाकली तरी इंजिन चालूच राहतं. डॅशबोर्डवरच्या चार्जिंगच्या लाल दिव्याचं एक टोक किल्लीच्या सर्किटला, दुसरं अल्टरनेटरला. किल्ली बंद केली तरी इंजिन फिरतंय तोवर अल्टरनेटर वीज करतो आणि ती दिव्यातून उलटी झिरपते. दोनेक वॉटच्या दिव्यातून जेमतेम पाव अँपियरही येत नाही. कॉइलला चार अँपियर लागायचे तेव्हा या झिरपण्याला कुणी विचारत नव्हतं. डब्याच्या बारीक लाल वायरीला मात्र तेवढं पुरतं. दिव्याच्या वायरीत एक डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, घातला की उलटी वाट बंद.

प्लगच्या वायरीही बदलाव्या लागल्या. आत नुसती तांब्याची तार असलेल्या जुन्या वायरी चालत नाहीत. त्यांच्यातून रेडिओ लहरींचा असा गोंगाट उठतो की डबा स्वतःच गोंधळतो. गुंडाळलेल्या तारेच्या, गोंगाट दाबणाऱ्या वायरी घेतल्या. प्लगचा गॅप वाढवायचा मोह मी मित्राला आवरायला लावला. गॅप जितका मोठा तितका जास्त व्होल्टेज हवा, आणि या गाडीच्या डिस्ट्रिब्यूटरची टोपी लहान आहे. वीज आळशी असते, प्लगपर्यंत जाण्यापेक्षा टोपीच्या आतच शेजारच्या खांबावर उडी मारते. मधल्या फिरत्या रोटरला पितळी रिव्हेट असेल तर तीही तिला वाट करून देते. म्हणून एमजीवाले बिनरिव्हेटचा लाल रोटर शोधत असतात.

पॉइंट गेले का? नाही, आणि हे बरेच जण विसरतात. ते डिस्ट्रिब्यूटरमध्येच आहेत, फक्त ओझं वाहणं सोडून नुसता इशारा देतात. करंट नगण्य, म्हणून ठिपके जळत नाहीत. पण कॅमवर घासणारी फायबरची टाच झिजायची ती झिजतेच. टाच झिजली की फट कमी होते, पॉइंट उशिरा सुटतात, टायमिंग मागे पडतं. शिवाय पूर्वी ठिपक्यांवर आलेला तेलाचा ओघळ मोठ्या करंटमध्ये जळून जायचा, आता तसाच चिकटून राहतो. त्यामुळे फट मोजायचं फिलर गेज पेटीतच ठेवायचं आणि ०.३५ ते ०.४० मिलिमीटरची फट अधूनमधून पाहायची.

संध्याकाळी आवरताना मित्राने जुना कंडेन्सर फेकायला काढला. मी तो त्याच्या हातातून घेतला. पॉइंट बिघडतात ते कुरकुरत, आठ-पंधरा दिवस आधी सांगून. डबा जातो तो भर रस्त्यात, एका क्षणात, आणि तो उघडून पाहण्यातही अर्थ नसतो. म्हणून आम्ही जुन्या वायरी कापल्याच नव्हत्या, नुसत्या काढून टोकं टेपने गुंडाळली होती. पांढरी कॉइलच्या पॉझिटिव्हला, काळ्या रेघेची पांढरी निगेटिव्हपासून पॉइंटला, असं कागदावर लिहून त्याने तो कागद, कंडेन्सर आणि एक छोटा स्क्रू-ड्रायव्हर ग्लोव्ह बॉक्समध्ये टाकला. मी त्यात पॉलिश पेपरची एक पट्टी ठेवली.