सार्वजनिक सेवाकेंद्रांची स्थाननिश्चिती : न्याय्यता आणि कार्यक्षमता

दवाखाना, शाळा, अग्निशमन केंद्र किंवा वाचनालय कुठे उभारायचे हे ठरवताना दोन अपेक्षांचा मेळ घालावा लागतो. हाताशी असलेल्या पैशांत जास्तीत जास्त लोकांची सोय व्हावी, ही कार्यक्षमता. कोणाच्याही वाट्याला न झेपणारे अंतर येऊ नये, ही न्याय्यता. दोन्ही रास्त आहेत, पण एकाच जागी क्वचित भेटतात.

समजा, १२ किमी रस्त्याच्या एका टोकाला ९०० लोकांची वस्ती आहे, दुसऱ्या टोकाला १०० लोकांची, आणि दवाखाना एकच बांधता येतो. मोठ्या वस्तीत बांधला तर माणशी सरासरी अंतर १.२ किमी पडते. त्या १०० जणांना मात्र १२ किमी जावे लागते. मधोमध बांधला तर सगळ्यांना सारखेच ६ किमी, म्हणजे सरासरी पाचपट. शिवाय तिथे राहते कोण? मोठ्या वस्तीपासून ३ किमीवर बांधल्यास सरासरी ३.६ आणि सर्वांत दूरच्यांना ९ किमी. दूरच्यांचा एक किलोमीटर वाचवायचा, तर सरासरी ०.८ किमीने वाढते. हा सौदा करायचा की नाही, हे गणित सांगत नाही.

एकूण अंतर किमान ठेवणारी ‘मध्यक’ आणि सर्वांत दूरच्याचे अंतर किमान ठेवणारी ‘केंद्र’ या दोन्ही कल्पना संशोधक एस. एल. हकिमी यांनी १९६४ मध्ये रस्त्यांच्या जाळ्यासाठी मांडल्या. १९७४ मध्ये रिचर्ड चर्च आणि चार्ल्स रेव्हेल या संशोधकांनी अंतराच्या किंवा वेळेच्या ठरावीक मर्यादेत जास्तीत जास्त लोक आणण्याची रीत दिली. अग्निशमन, रुग्णवाहिका अशा सेवांना ती सोयीची. पण मर्यादा ८ मिनिटांची असेल, तर ९ मिनिटांवरचा आणि ९० मिनिटांवरचा माणूस तिच्या हिशेबात सारखाच वगळला जातो.

निव्वळ समानता हाही न्यायाचा पुरेसा निकष नाही. सेवाकेंद्र सगळ्यांपासून सारखेच लांब नेले, तरी अंतरांतला फरक शून्यच भरतो. म्हणून अनेक अभ्यासक अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांच्या न्यायाबद्दलच्या १९७१ मधील मांडणीचा आधार घेऊन सर्वांत वंचितांची स्थिती किती सुधारते, ते पाहतात.

सर्वांत मोठी चूक मात्र आकडे गोळा करतानाच होते. अंतर वाढले की लोक सेवा घेणे कमी करतात. मनोरुग्णालयांबाबत हे अमेरिकी वैद्य एडवर्ड जार्व्हिस यांनी १९व्या शतकातच दाखवून दिले होते. लांबच्या वस्तीतली गरोदर बाई तपासणीला येतच नाही, मग नोंदवहीत तिचे नाव नसते, आणि तिकडे मागणी नाही असा निष्कर्ष निघतो. त्यावर बेतलेली पुढची जागाही जवळच्यांच्याच सोयीची ठरते. त्यामुळे नोंदींऐवजी लोकसंख्या, वय, आजारपण आणि वाहनाची सोय यांवरून गरज मोजणे आवश्यक असते.

व्यवहारात बहुधा आधी कमाल अंतराची मर्यादा ठरवून, तिच्या आत सर्वांत कमी खर्चाची जागा शोधतात. ती मर्यादा पाळणे परवडत नसेल, तिथे फिरता दवाखाना किंवा आठवड्यातून ठरावीक दिवशी उघडणारे उपकेंद्र चालवतात.