पांढरा डाग आहे तोवरच

दाताची कीड म्हणजे काळा डाग, हे इतकं डोक्यात बसलेलं असतं की तिची पहिली खूण नजरेतून निसटते. ती खूण पांढरी असते. मुलाला मांडीवर आडवं घ्या, अंगठ्याने वरचा ओठ उचला आणि पुढचे दात कोरड्या, स्वच्छ फडक्याने टिपा. हिरडीला लागून खडूसारखी निस्तेज रेघ दिसली, तर कीड सुरू झाल्याची ती शक्यता धरायची. दात ओला असताना ही रेघ सहसा दिसत नाही. इनॅमलला, म्हणजे दाताच्या कठीण बाहेरच्या थराला, पडलेल्या सूक्ष्म छिद्रांत तेव्हा पाणी असतं. ते सुकून हवा शिरली की प्रकाश विखुरतो आणि डाग उमटतो.

जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात. दातावरच्या चिकट थराचा पीएच (आम्लतेचं माप; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधलं कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळू लागतं. पण वरचा पापुद्रा बराच काळ शाबूत राहतो. झिजतं ते त्याच्या खाली. म्हणून असा डाग टोकदार वस्तूने टोकरून पाहू नका. पापुद्रा फुटला की खड्डा पडतो, आणि पडलेला खड्डा कुठलीही पेस्ट भरून काढत नाही. दुधाच्या दातांचं इनॅमल कायमच्या दातांपेक्षा पातळ असल्यामुळे हाताशी वेळही कमी असतो.

खड्डा पडेपर्यंत मात्र गेलेलं खनिज परत बसवता येतं. कच्चा माल लाळेत असतोच. फ्लोराइड त्याला दातात लवकर बसायला मदत करतं, आणि फ्लोराइड मिसळलेलं खनिज आधीच्यापेक्षा जास्त आम्ल सोसतं.

पेस्टच्या ट्यूबवर ‘पीपीएम’चा आकडा शोधा. १००० पीपीएम म्हणजे एक ग्रॅम पेस्टमध्ये १ मिलिग्रॅम फ्लोराइड, आणि किडीपासून संरक्षणासाठी साधारण एवढं तरी हवं. नुसती टक्केवारी पाहिली तर फसगत होते: सोडियम फ्लोराइड ०.२२ टक्के आणि सोडियम मोनोफ्लुरोफॉस्फेट ०.७६ टक्के, दोन्हींतून मिळणारं फ्लोराइड जवळपास सारखंच. पेस्टमध्ये दात घासून काढणारी पूड कुठली आहे, यालाही महत्त्व आहे. सोडियम फ्लोराइडसोबत कॅल्शियम कार्बोनेट असेल तर फ्लोराइड कॅल्शियमला चिकटून ट्यूबमध्येच निकामी होतं. म्हणून सोडियम फ्लोराइडच्या जोडीला सिलिकाची पूड असते, आणि कॅल्शियम कार्बोनेटच्या पेस्टमध्ये मोनोफ्लुरोफॉस्फेट. फेस आणि चव यांचा डाग भरण्याशी संबंध नाही.

तीन वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, म्हणजे सुमारे ०.१ ग्रॅम. तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी, सुमारे ०.२५ ग्रॅम. ब्रशभर पट्टी जाहिरातीत शोभते. लहान मूल त्यातलं बरंचसं गिळतं, आणि हिरडीखाली घडत असलेल्या कायमच्या दातांवर फ्लोरोसिसचे, म्हणजे जास्त फ्लोराइडमुळे होणारे, डाग पडू शकतात. पिण्याच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त असेल, तर पेस्ट ठरवण्याआधी दंतवैद्यांना विचारा. ट्यूबही हाताला लागणार नाही अशी ठेवा: १००० पीपीएमच्या १०० ग्रॅम ट्यूबमध्ये १०० मिलिग्रॅम फ्लोराइड असतं, आणि १० किलोच्या मुलाने त्यातली अर्धी जरी खाल्ली तरी तातडीने दवाखाना गाठावा लागतो.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते शेवटच्या चुळीने. दोन मिनिटं घासून झाल्यावर पेस्ट थुंकायला लावा आणि तिथेच थांबा. खळखळून चूळ भरली की जे दातावर राहायला हवं होतं तेच बेसिनमध्ये जातं. रात्रीचं घासणं तर चुकवूच नये, कारण झोपेत लाळ कमी होते आणि आम्ल धुऊन न्यायला कोणी उरत नाही. त्यानंतर दुधाची बाटली तोंडात द्यायची नाही. सात-आठ वर्षांपर्यंत ब्रश मोठ्यांनीच फिरवावा. हिरडीलगतची ती रेघ मुलांच्या हातून हमखास राहते.

डाग दिसला की दंतवैद्यांना दाखवाच. ते ५ टक्के सोडियम फ्लोराइडचं व्हार्निश लावतात, दर तीन ते सहा महिन्यांनी. दुधातल्या केसीनपासून बनवलेली कॅल्शियम-फॉस्फेटची क्रीमही मिळते. दुधाच्या प्रथिनांची ॲलर्जी असलेल्या मुलाला ती चालत नाही.

फरक दिसायला काही आठवडे, कधी काही महिने जातात. दर पंधरा दिवसांनी त्याच उजेडात, दात तसाच टिपून पाहा. खडबडीत, निस्तेज पांढरेपणा जाऊन तिथे गुळगुळीत चकाकी आली, तर कीड थांबली आहे. मग डाग थोडा पांढरा राहिला तरी चालेल.